आपले पोर्ट लुई

(शैक्षणिक सहलीच्या आधी प्राथमिक शाळेतील मुलांपुढे एका शिक्षिकेने केलेले भाषण.)

मुलांनो,

येत्या शुक्रवारी आपली सहल पोर्ट लुईला जाणार आहे. काल वर्गात मी हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "पोर्ट लुई? ते तर आम्ही कितीदा पाहिले आहे!" कोण म्हणाले ते मी विचारणार नाही. त्याचे म्हणणे खरेच आहे. तुम्ही पोर्ट लुईला कपडे घ्यायला जाता. बाजारात डालपुरी खाता, थंडगार आलूदा पिता. पण आईचा हात धरून गर्दीतून चालताना आपले लक्ष समोरच्या माणसाच्या पाठीकडे असते. वर पाहायला आणि भिंतीला हात लावून पाहायला वेळ कुठे मिळतो? म्हणून आज मी तुम्हांला थोडी माहिती सांगते. मग शुक्रवारी तुम्हीच मला सांगा, की आधी पाहिलेले पोर्ट लुई आणि आताचे पोर्ट लुई एकच वाटते का.

पहिला प्रश्न. आपल्या बेटाच्या चारी बाजूंना समुद्र आहे. मग राजधानी नेमकी तिथेच का झाली?

याचे उत्तर वारा देतो. आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस वारा आग्नेयेकडून येतो. १५९८ साली डच लोकांची जहाजे आली, ती आग्नेय किनाऱ्यावर, ग्राँ पोरला. आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस हे नाव दिले. त्या काळी जहाजे शिडांवर चालत. ग्राँ पोरला वारा जहाजाला आत ढकलत आणी, पण बाहेर पडायचे म्हटले की तोच वारा समोरून येई. आत जाणे सोपे, बाहेर येणे अवघड! पोर्ट लुईचे बंदर बेटाच्या वायव्य बाजूला आहे. तिथे डोंगरांनी वारा अडवलेला असतो. जहाज आत शांत उभे राही आणि निघताना वाऱ्याच्या मदतीने बाहेर पडे.

१७१० मध्ये डच बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी बेटाचे नाव 'ईल द फ्राँस' ठेवले आणि या बंदराला आपल्या राजाचे, पंधराव्या लुईचे नाव दिले. ते नाव आजही चालू आहे. क्रियोलमध्ये आपण त्यालाच 'पोर्लवी' म्हणतो. मधल्या काळात फ्रान्समध्ये राजाला हटवले गेले, तेव्हा इथे बंदराचेही नाव बदलले. नेपोलियन सम्राट झाल्यावर तर त्याला 'पोर्ट नेपोलियन' म्हणू लागले. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले आणि जुने नाव परत आले. राजे आले नि गेले, बंदर मात्र जागचे हलले नाही.

आपली बस शहराजवळ येईल तेव्हा डोंगरांकडे पाहा. मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा दिसतो तो 'ल पूस'. फ्रेंच भाषेत पूस म्हणजे अंगठाच! १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन नावाचे थोर शास्त्रज्ञ जहाजाने इथे आले होते, तेव्हा ते हा डोंगर चढून गेले होते. त्याच्या पलीकडे, डोक्यावर गोल धोंडा घेऊन उभा आहे तो पिटर बॉथ. आणि शहराच्या अगदी उशाशी आहे तो सिग्नल डोंगर. पूर्वी त्याच्या माथ्यावर निशाणे चढवून बंदरातल्या लोकांना कळवीत, की जहाज येत आहे. तेव्हा टेलिफोन नव्हता ना!

डोंगरांच्या या कोंडाळ्यात शहर एखाद्या वाडग्याच्या तळाशी बसावे तसे बसले आहे. याचा एक धोकाही आहे. डोंगरावरचे पाणी ओढ्यांतून शहरात उतरते. ३० मार्च २०१३ रोजी थोड्या वेळात इतका पाऊस पडला, की रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि अकरा माणसे दगावली. शुक्रवारी आकाश भरून आले तर आपण लगेच परत फिरू. तेव्हा कोणी रुसायचे नाही.

आता बसमधून उतरू. पहिला थांबा प्लास दार्म. दोन्ही बाजूंना उंच ताडासारखी झाडे, आणि समोर बंदराकडे तोंड करून उभा असलेला एक पुतळा. हे माहे द ला बुर्दोने. ते १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून इथे आले. तेव्हा इथे झोपड्या आणि चिखल याशिवाय फारसे काही नव्हते. त्यांनी गोदी केली, कोठारे केली, दवाखाना बांधला. राजभवनाचा खालचा दगडी मजला त्यांच्याच वेळचा आहे. प्यायला चांगले पाणी हवे म्हणून ग्राँ रिव्हियेर नदीपासून त्यांनी पाट काढून आणला. थोडक्या वर्षांत गावाचे शहर झाले.

पण मुलांनो, जरा थांबा. एक माणूस एवढे सगळे बांधू शकतो का? त्यांनी दगड फोडले का? चुना कालवला का? पाट खणला का?

हे काम करणाऱ्यांचा पुतळा तिथे नाही. मादागास्करमधून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून, विकत घेऊन आणलेली माणसे हे काम करीत होती. त्यांना गुलाम म्हणत. त्यांना मजुरी नव्हती. 'मी उद्या येणार नाही' असे म्हणायची सोय नव्हती. ला बुर्दोने हुशार होते, कष्टाळू होते, पण गुलामांचा व्यापार त्यांनीही केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून मी तुम्हांला दोन्ही सांगते. गुलामांबरोबर भारतातले कारागीरही होते. पाँडिचेरीकडून गवंडी, सुतार, लोहार इथे आणले गेले. म्हणजे आपले मजूर शेतात राबायला आले त्याच्या शंभर वर्षे आधी भारतीय हातांनी इथे भिंती रचल्या होत्या.

बंदराजवळ त्या काळचे लष्करी इस्पितळ अजून उभे आहे. काळ्या दगडांच्या जाड भिंती आहेत त्याच्या. २०२३ पासून तिथे गुलामगिरीचे संग्रहालय आहे. तिथे गेल्यावर भिंतीवरून हात फिरवा. दगडावर छिन्नीचे घाव लागतात हाताला. ते घाव कोणी घातले त्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही.

प्लास दार्मवर समुद्राकडे पाठ करून उभे राहा. आता तुमच्या डाव्या हाताला आणि उजव्या हाताला काय आहे? फ्रेंच काळात मधल्या भागात गोरे लोक राहत. भारतीय कारागिरांनी डावीकडे राहायचे, त्या वस्तीचे नाव 'काँ दे मालाबार'. काँ म्हणजे छावणी. भारतातला माणूस कुठलाही असो, त्याला तेव्हा मालाबारच म्हणत! गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी उजवीकडे राहायचे, त्यांची वस्ती 'काँ दे न्वार'. कोणी कुठे राहायचे हे सरकार ठरवी. आज तसा नियम नाही, कोणीही कुठेही घर करू शकतो. तरी त्या जुन्या रेघा पुसट पुसट दिसतात.

डावीकडे गेलात की प्लेन वेर्त लागते. या नावाचा अर्थ हिरवे मैदान. आता तिथे घराला घर लागून आहे, हिरवे मैदान नावातच उरले आहे. जहाजांवर काम करणारे भारतीय खलाशी, म्हणजे लास्कर, याच बाजूला राहत. बिर्याणीचा वास आला की समजा, आपण प्लेन वेर्तला पोचलो. उजवीकडे ले सालीन. तिथे पूर्वी मिठागरे होती. डोंगराच्या पायथ्याशी त्रांकबार. हेच नाव तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचे आहे, तिथले लोक त्याला तरंगंबाडी म्हणतात. पाहा, शहरातल्या वाड्यांची नावेसुद्धा बोटीतून आलेली आहेत.

मधोमध आहे बाजार. त्याच्या लोखंडी दरवाजावर व्हिक्टोरिया राणीच्या नावाची अक्षरे आहेत, ती शोधून काढा. बाजारापासून जवळच चिनी लोकांची पेठ आहे. आमच्या आजोबांच्या गावात एकच दुकान होते, तेही चिनी माणसाचे. दुकानदार लहानशा वहीत उधारी लिहून ठेवी, ऊसतोडणीचे पैसे आले की लोक ती फेडीत. त्या दुकानांना लागणारा माल याच पेठेतून जाई. त्याच रस्त्यावर जुम्मा मशीद आहे. भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी ती १८५० नंतर बांधली. आत अंगणात बदामाचे मोठे झाड आहे. थोडे पुढे-मागे चर्च आहेत, तमिळ लोकांचे कोविल आहे, ले सालीनला चिनी देऊळ आहे. सगळे पाहायचे म्हटले तर एक दिवस पुरणार नाही, म्हणून मी यादी वाचत नाही.

एका ठिकाणी मात्र आपण नक्की थांबू. कंपनी बागेतल्या जुन्या वडांच्या सावलीत डबे खाऊ, आणि मग शेजारच्या संग्रहालयात जाऊ. डोडो पक्षी सतराव्या शतकातच संपला हे तुम्हांला ठाऊक आहे. जगात अनेक संग्रहालयांत डोडोचे सांगाडे आहेत, पण बहुतेक सांगाडे वेगवेगळ्या डोडोंची हाडे एकत्र जोडून केलेले आहेत. एकाच डोडोचा पूर्ण सांगाडा फक्त आपल्याकडे, पोर्ट लुईमध्ये आहे! तो कोणाला सापडला? मोठ्या शास्त्रज्ञाला नाही. एतियेन तिरियू नावाचा एक न्हावी होता. पोर्ट लुईत लोकांचे केस कापायचा आणि सुटीच्या दिवशी डोंगरात भटकून हाडे गोळा करायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल पूस डोंगराच्या बाजूला त्याला हा सांगाडा मिळाला. तुमच्यापैकी काही जण खिशात दगड, शिंपले भरून वर्गात येतात. मी रागावते, पण तेव्हा मला तिरियूची आठवण येते.

शहराने संकटेही फार सोसली. १८१६ साली मोठी आग लागली. लाकडी घरे भराभर पेटली आणि शेकडो घरे जळाली. त्यानंतर दगडी इमारती वाढल्या. १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाची साथ आली आणि हजारो माणसे मेली. हा ताप डासामुळे येतो हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते, लोक वाईट हवेला दोष देत. नुकतीच, १८६४ मध्ये, आगगाडी सुरू झाली होती. ज्यांच्याजवळ पैसे होते ते घरदार घेऊन वर क्युरपीपच्या थंड हवेत राहायला गेले, आणि कामाला गाडीने पोर्ट लुईला येऊ लागले. गरीब तिथेच राहिले. ती सवय अजून मोडलेली नाही. सकाळी सगळ्यांची धाव पोर्ट लुईकडे, संध्याकाळी दुकाने बंद झाली की सगळे घराकडे. आगगाडी पुढे १९६४ पर्यंत चालली. आता २०२२ पासून क्युरपीपहून मेट्रोने जाता येते.

आणि १८९२ चे वादळ! २९ एप्रिलला आले ते. एप्रिल संपत आला, आता वादळ कसले, असे लोकांना वाटत होते. सकाळपासून वारा वाढत गेला. छपरे उडाली. मग एकाएकी सारे शांत झाले. लोकांना हायसे वाटले. पण ते वादळाचे केंद्र होते. केंद्र पुढे सरकले आणि वारा उलट दिशेने, पहिल्यापेक्षा जोरात आला. शहराचा सुमारे तिसरा भाग कोसळला, बेटावर बाराशेहून अधिक माणसे मेली. वारा पडला तरी रेडिओवर सांगेपर्यंत घराबाहेर जायचे नाही, असे आजी का म्हणते ते आता कळले ना?

जेवण झाल्यावर आपण शाँ द मार्सला जाऊ. पूर्वी तिथे सैनिक कवायत करीत. १८१२ पासून तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. पण मला ते मैदान आवडते ते घोड्यांमुळे नाही. १२ मार्च १९६८ रोजी, भर दुपारी, इंग्रजांचा झेंडा तिथे खाली उतरला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा आपला चौरंगी झेंडा वर गेला. माझे वडील तेव्हा अठरा वर्षांचे होते. वाक्वाहून ते मित्रांबरोबर आले होते. गर्दीत मैदानात शिरता येईना, म्हणून ते टेकडीच्या उतारावर जाऊन बसले. "झेंडा एवढासा दिसला," असे ते बोटाचे पेर दाखवून सांगत. "पण दिसला!" त्याच टेकडीवर इंग्रजांनी १८३४ ते १८४० या काळात बांधलेला किल्ला आहे. त्याला आपण सितादेल म्हणतो. किल्ल्यावरून सारे शहर दिसते, म्हणून चढ असला तरी आपण वर जाणार आहोत. बूट घट्ट बांधून या.

वरून बंदर दिसेल. बंदराच्या कडेला, मोठ्या रस्त्याला लागून काही जुन्या काळ्या दगडांच्या खोल्या दिसतील. आपल्याला शेवटी तिथे जायचे आहे. त्या जागेचे नाव आप्रवासी घाट.

१८३५ मध्ये इथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून भारतातून करार करून माणसे आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर उतरले. पुढे १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. कोणी कलकत्त्याहून आले, कोणी मद्रासहून, आणि आपल्या कोकणातले, रत्नागिरीकडचे लोक मुंबईहून. १८४९ पासून त्यांना उतरवून घेण्याचे ठिकाण हाच घाट होता.

बोटीतून उतरले की समोर दगडी पायऱ्या. त्या सोळा आहेत. मोजायच्या आहेत तुम्हांला. वर चढले की नाव लिहून घेत, एक नंबर देत. तिथे स्वयंपाकघर होते, दवाखाना होता, झोपायला मोठ्या पडव्या होत्या. दोन दिवस तिथे काढायचे, मग मळ्याचा माणूस येऊन घेऊन जाई. कुठला मळा, कसला मालक, काही ठाऊक नसे.

आता त्या पायऱ्यांजवळ उभे राहाल तर तुम्हांला वाटेल, समुद्र कुठे आहे? पाणी आता पायऱ्यांना लागत नाही. पुढे भर घालून जमीन केली आहे. विसाव्या शतकात मोठा रस्ता काढताना घाटाचा बराच भाग पाडला गेला. तेव्हा ती एक जुनी पडकी जागा आहे एवढेच बहुतेकांना वाटत होते. उरले आहे ते थोडेसे. २००६ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. सोळा पायऱ्या वाचल्या, म्हणून मी तुम्हांला तिथे नेऊ शकते.

माझ्या आजोबांचे आजोबा याच पायऱ्या चढून आले. आजोबा सांगत ते एवढेच, की ते मुंबईहून बोटीने आले. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेले. नाव सापडेना. आम्ही जसे उच्चारतो तसे ते लिहिलेलेच नव्हते. लिहून घेणाऱ्या कारकुनाला मराठी येत नव्हते. त्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. जिल्ह्याच्या जागी 'रुटनागेरी' असे काहीतरी होते. मी ते तीनदा मोठ्याने वाचले, तेव्हा उमगले, अरे, हे तर रत्नागिरी! मग गावाचे नाव. तेही वाकडेतिकडे. पण माझी आत्या लहानपणी एक गाणे म्हणायची, त्यात त्या गावाचे नाव यायचे. ते आठवले आणि ओळ जुळली. वडिलांचे नाव, वय, उंची, सहा आकडी नंबर. उंची पाच फूट दोन इंच. मी घरी येऊन दारापाशी खडूने तेवढ्या उंचीवर रेघ काढली. ती रेघ माझ्या कानापर्यंत येते.

आत्या आता नाही. तिचे ते गाणे मी कुठे लिहून ठेवले नव्हते.

तर शुक्रवारसाठी तुम्हांला एक काम देते. घरी आजी-आजोबा असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. आपले लोक कुठून आले, कोणत्या मळ्यावर गेले, जुन्या गावाचे नाव काय, कोणी टोपणनावाने ओळखले जात होते का, हे विचारा. ते उच्चारतील तसेच लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. त्या बाबतीत मी गुण कापणार नाही. आजी-आजोबा नसतील तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्यांच्या घरचे लोक आफ्रिकेतून, चीनमधून आले आहेत त्यांनीही विचारून या. वही घाटावर घेऊन यायची आहे. तिथे पायऱ्यांच्या बाजूला बसून आपण ती नावे एकमेकांना वाचून दाखवू.

बस साडेसात वाजता सुटेल. टोपी, पाण्याची बाटली आणि डबा आणा. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला म्हणावे, त्याने माझ्याजवळ बसायचे आहे, खिडकीशी.